विसरलेले दोन स्क्रू

मित्रांनो, मी जुना असलो तरी डुगडुगत नाही, हे आधीच सांगून टाकतो! लग्नात नवरानवरी ज्यावर गुडघे टेकतात, तो बाक मी.

एका सुताराने मला स्वतःच्या लग्नासाठी घडवलं. तो कॅथलिक, ती रस्त्यापलीकडच्या प्रोटेस्टंट चर्चची. ती बुटकी, म्हणून त्याने तिच्या बाजूची गादी दोन बोटं उंच केली. माझं कौतुक इतकं झालं, की पुढे दोन्ही चर्चमधली लग्नं माझ्यावरच लागली. मग नव्या फॅशनचा बाक आला आणि मी फादरांच्या अडगळीत धूळ खात पडलो. फार वाईट वाटलं.

पुढे सुताराची लेक मोठी झाली. तिला तिच्या मैत्रिणीशी लग्न करायचं होतं. फादर तिला म्हणाले, “बाळ, आमच्यात लग्न हा संस्कार आहे, स्त्री आणि पुरुषाचा. तो बदलणं माझ्या हातात नाही. पण तू आमचीच आहेस.”

पलीकडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, “आमच्यात लग्न म्हणजे देवासमोर दिलेलं वचन. आमच्या चर्चच्या मंडळीने वर्षभर भांडून होकार दिलाय. आमच्याच पंथाची शेजारची मंडळी अजून नाहीच म्हणते, बरं का!”

तारीख ठरली, पण लेकीचा जीव बापात अडकलेला. “बाबा, याल ना?”

“मला फादरांचंच पटतं. मी येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सुतार अडगळीची किल्ली मागायला गेला. फादरांनी काही न विचारता ती दिली. त्याने मला घरी नेऊन घासलं, पुसलं आणि लेकीला हाक मारली. “तुझी मैत्रीण किती उंच?”

“माझ्याएवढीच.”

त्याने उंच बाजू उतरवून रंधा मारला.

लग्नाच्या सकाळी त्याने मला हमालाबरोबर पलीकडच्या चर्चमध्ये पाठवलं. बायको आली, हा नाही. माझी एक गादी नुसतीच टेकवलेली, चक्क हलत होती! शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुली गुडघे टेकणार, तोच सुतार आत आला. हातात पेचकस.

“दोन स्क्रू राहिले होते,” तो मोठ्याने म्हणाला. ते घट्ट पिळले आणि पहिल्या रांगेत बायकोशेजारी जाऊन बसला. लेकीला रडू आवरेना.

चाळीस वर्षांत हा माणूस एकही स्क्रू विसरलेला नाही.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल लावा, ओलीपासून जपा. आणि कुणी विसरलेले दोन स्क्रू घेऊन उशिरा आला, तर का विसरलास म्हणून विचारू नका. त्याला पुढे जागा द्या.