प्लासिदचं सोंग

समुद्रकाठच्या, फ्रेंच बोलणाऱ्या शेतिकां गावात कविता करणं सोपं, लपून राहणं कठीण. देलिमा ओक्वांला दोन्हीची हौस होती.

तिच्या फ्रेंच कवितांची पुस्तकं गावात घरोघर होती. कुणी ती वाचायचं, कुणी खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकवायचं, आणि दोघंही तिला तोंडावर तसं सांगायचे. पोटासाठी ती इंग्रजी कवींना फ्रेंचमध्ये आणायची. त्यावर माँट्रियलच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं, की देलिमाबाईंच्या हाती लागलेला प्रत्येक कवी अखेर शेतिकांच्याच धक्क्याला लागतो, आणि त्याच्या अंगाला तिथल्याच मासळीचा वास येतो.

वाक्य झकास होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्यात न्यूफाउंडलंडचा एक म्हातारा कवी वारला होता, आणि त्याच्या लेकीला बापाचं शेवटचं पुस्तक देलिमाच्याच फ्रेंचमध्ये हवं होतं. पुस्तक येऊन टेबलावर पडलं होतं. देलिमा त्याच्याभोवती अशी वावरायची, जशी झोपलेल्या कुत्र्याभोवती मांजर.

अखेर तिने ओबेलीनमावशीपाशी मन मोकळं केलं. यंदा मिकारेमला आपण सोंग घेणार. कुणी ओळखलं नाही, तर पुस्तक हाती घ्यायचं. ओळखलं, तर परत पाठवायचं. ज्या बाईला एक संध्याकाळसुद्धा दुसऱ्याचं होता येत नाही, तिने दुसऱ्याच्या कवितेला हात कशाला लावावा?

मावशी खिडकीशी बसून गालिच्यात लोकर ओवत होती. तिने विचारलं, "सोंग कुणाचं?"

"प्लासिदचं." प्लासिद म्हणजे गावातला ढेरपोट्या कोळी.

"बरं केलंस. त्याचं त्याला काही नीट जमत नाही."

ईस्टरआधीचे उपास अर्ध्यावर आले, की गाव मिकारेमला निघतं. तोंडं झाकायची, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मुक्याने बसायचं, आणि कोण ते घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की मुखवटा निघतो आणि साखरेची वडी तोंडात पडते. देलिमाला दरवर्षी उंबऱ्यातच ओळखत. तिच्या डोक्यात कायम एखादी ओळ घोळत असायची, आणि अंगठा आपला बोटांच्या पेरांवरून मात्रा मोजत फिरायचा. म्हणून यंदा तिने कोळ्यांचे जाड हातमोजे चढवले. पोटाला उशी, वर मेणकापडाचा डगला, तोंडावर जुन्या पडद्याचा तुकडा.

पहिल्या घरात सगळी सोंगं ओळखली गेली, एक तिचं सोडून. घरधनीण म्हणाली, "देलिमा नाही दिसत यंदा."

"बसली असेल पेन्सिल चघळत," नवरा म्हणाला. "अख्खा जानेवारी एक शब्द शोधत होती. सापडला काय, तर 'बर्फ'. दार उघडलं असतं तर लगेच मिळाला असता."

उशीमागचं पोट हसून हसून दुखलं, पण हूं की चूं करायची सोय नव्हती. पुढच्याही घरात तेच झालं. देलिमा जिंकत चालली होती, आणि साखरेच्या वड्या तिच्या नाकासमोरून दुसऱ्यांच्या तोंडी जात होत्या. जिंकणं इतकं उपाशी असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचं घर मावशीचं. तिथे शेगडीशी खुद्द प्लासिद बसलेला. देलिमा आत आली, गुडघा चोळला, खुर्चीवर अंग सोडलं, आणि खिडकीकडे मान वळवून वाऱ्याचा अंदाज घेतला. बायका छताकडे पाहू लागल्या. प्लासिद मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग काहीतरी करायचं म्हणून तो गाऊ लागला. गाणं साऱ्यांच्या आज्यांचं, पण प्लासिदच्या गळ्यात पडलं की अनाथ व्हायचं:

ये रे वाऱ्या, ये रे वाऱ्या, शीड सख्याचं माझ्या भर,
दिवा लावून बसले मी, उंबऱ्यापाशी सकाळपर्यंत.

"रातभर!" पडद्याच्या तुकड्याआडून आवाज आला. "उंबऱ्यापाशी रातभर, मेल्या! कधी शिकणार तू?"

घर हसून हसून लोळलं. देलिमाने मुखवटा ओढून काढला. तोंड लाल झालं होतं. "हरले," ती म्हणाली. "उद्या पुस्तक परत."

मग सगळं उलगडलं. गावाने तिला पहिल्या घरीच ओळखलं होतं. हातमोज्यातला अंगठा सशाच्या नाकासारखा हलत होता. पण पुस्तक परत जाऊ नये म्हणून मावशीने आधीच घरोघर फोन करून सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

"म्हणजे सोंग फसलंच की," देलिमा पुटपुटली.

मावशीने विचारलं, "प्लासिद, तुझं काय म्हणणं?"

प्लासिद गुडघ्याकडे बघत होता. "इतकी वर्षं या अंगात राहतोय," तो म्हणाला, "पण बसायच्या आधी मी गुडघा चोळतो, हे मला आज कळलं. आणि ती देलिमा आहे, हे तर आत आली तेव्हाच कळलं होतं."

"ज्याचं सोंग त्याची तक्रार नाही," मावशी म्हणाली. "मग त्या पेपरवाल्याचं काय घेऊन बसलीस, पोरी? वडी खा."

देलिमाने दोन खाल्ल्या.

घरी जाताना समुद्रावरचा बर्फ कुरकुरत होता. म्हाताऱ्या कवीची पहिली ओळ तिच्या ओठांवर फ्रेंचमध्ये आली, अडखळली, पुन्हा आली. हातमोजे मावशीकडेच राहिले होते. गारठलेला अंगठा पेरांवरून फिरत होता, आणि ती अजून प्लासिदसारखीच चालत होती.