हुणसूरचं एक मत

आमच्या समाजाचं मुलींचं वसतिगृह म्हैसूरला, बन्नीमंटपाजवळ. यंदा तिथे एकच खोली रिकामी झाली आणि ती मला माझ्या अमूल्यासाठी हवी होती. हुणसूरहून रोज बसने कॉलेजला जाऊन पोर मेटाकुटीला आली होती. पण खोली कुणाची ते सभेत मतांनी ठरतं आणि आमच्यात चुलीमागे, म्हणजे घरामागे, एक मत. म्हैसूरच्या दोनशे चुली, कृष्णराजनगरच्या तीस, आमच्या नऊ. खोली कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको.

अमूल्या क्रीडा व्यवस्थापन शिकते. एका संध्याकाळी ती आशियाई फुटबॉल महासंघाची रचना घोकत होती: सत्तेचाळीस सदस्य, पाच विभाग, सगळ्या सदस्यांची मिळून एक काँग्रेस, तीच अध्यक्ष निवडते. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मतांचं कळतं.

"चीनला मतं किती गं?"

"एक."

"आणि लहानांना?"

"ग्वाम बेटावर आपल्या तालुक्याहून कमी माणसं. त्यालाही एक."

"मग लहानांचं चालतं कसं?"

"गोत्तिल्ल, मला काय माहीत, आई. आधी आपसांत बोलून ठेवत असतील."

मला ते भलतंच आवडलं. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, गावाला एक मत द्या. अध्यक्ष माझा सख्खा थोरला भाऊ, म्हैसूरला स्थायिक झालेला शिवप्रसाद.

"अय्यो नागू, आपण काय आशिया आहोत?"

"आशियाला जमतं, ते तुला जमणार नाही का, अण्णा?"

सगळी सभा त्याच्याकडे बघत होती आणि मोठेपणाची संधी तो सोडत नाही. "सरि, ठरलं. आजपासूनच," म्हणाला. म्हैसूरकर कुरकुरले, पण त्याच्यापुढे बोलणार कोण?

गावं तीन, मुली तीन. ज्याने त्याने आपलीच मुलगी धरली, तर बरोबरी होऊन निर्णय अण्णाकडे, म्हणजे म्हैसूरकडेच. म्हणून जेवणाच्या पंगतीत मी कृष्णराजनगरच्या सीतालक्ष्मीला गाठलं. बाई पक्की.

"यंदा आमची चंदना. पुढच्या वर्षापासून आळीपाळीने. स्वल्प थांबा की."

अमूल्याचं हे शेवटचंच वर्ष. मला सीतालक्ष्मीचा राग आला, त्याहून जास्त माझ्या हुशारीचा. तरी मी चंदनासाठी हात वर केला. नाहीतर आमच्या नऊ घरांतल्या एकीलाही ती खोली कधी मिळाली नसती.

परतीच्या बसमध्ये मी अमूल्याकडे बघत नव्हते. तिनेच विचारलं, "पुढच्या वर्षी आपल्यातली कोण?"

"भानुमतीची पावनी."

"तिला सांग, कॉट खिडकीजवळ ओढून घे म्हणावं. तिथे वारा येतो."

ती खोली कधी बघून आली होती, ते मी विचारलं नाही.