डोळे मिटून मांडलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. मित्रांनो, दिसायला मी अगदीच बेंगरूळ आहे, हे आधीच सांगून टाकते. जांभळ्याशेजारी मोहरीसारखा पिवळा, त्याला लागून मातकट तपकिरी आणि मधेच कुठेतरी एक पोपटी चौकोन. पाहुणे माझ्याकडे एकदा बघतात आणि मग घाईघाईने खिडकीबाहेर बघतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी बघण्यासाठी शिवलेलीच नाही.

मला दोघांनी मिळून घडवले. एक मास्तर, म्हणजे शिंपी, आणि दुसरी त्यांची लेक. मास्तरांनी चाळीस वर्षे लोकांचे कोट आणि शर्ट शिवले. त्यांच्या हाताखाली टिकणे सोपे नव्हते. कॉलर सूतभर वाकडी गेली तरी ते म्हणत, "उसव." लेकीने लहानपणी बाहुलीचा झगा शिवून दाखवला, तर त्यांनी तो आधी उलटा करून शिवण तपासली होती.

मग मास्तरांची नजर हळूहळू गेली. दुकान बंद झाले, शिवणयंत्रावर कापड झाकले गेले आणि मास्तर खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहू लागले. लेकीला धास्ती वाटू लागली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. मास्तर कशालाच नावे ठेवीनासे झाले. भाजी करपली तरी छान, शर्टाचे बटण तुटले तरी छान. शेजारी कौतुक करत, "किती शांत झाले हो मास्तर!" लेकीला मात्र वाटे, आपले बाबा या खाटेवरच बसल्या बसल्या आपल्यापासून लांब चालले आहेत. त्यांना जागे करील असे काहीतरी हवे, म्हणून तिने गोधडी करायला घेतली.

लेक भिंतीच्या रंगांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईकाला हवी ती छटा चार डबे मिसळून काढून देण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तिने माझ्यासाठी एकाच जातीचे गुळगुळीत पॉपलीन आणले, कारण त्यावर रंग खुलतो. वीतभर चौकोन कापले आणि जमिनीवर मांडले. मध्यभागी फिके, कडेला गडद. मग ती खुर्चीवर उभी राहून डोळे किलकिले करून बघायची. तसे बघितले की कुठला चौकोन उगीच पुढे पुढे करतो ते कळते म्हणे. पंधरा दिवस ही मांडामांड चालली. घरातले सगळे भिंतीला चिकटून चालत होते. शेवटी वरचा थर जोडून झाला, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, चित्रच काढलंस की!"

लेकीने तो थर मास्तरांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात फिरवला.

"छान आहे."

"काय छान आहे, बाबा?"

"चादर. कापड कमी पडलं होतं का? बरेच जोड आहेत. असू दे, छान आहे."

लेक खाली बसली. एकशे वीस चौकोन, छत्तीस छटा, आणि हाताला सगळे एकच. जिला रंगांचे एवढे कळत होते, ती न दिसणाऱ्या माणसासाठी पंधरा दिवस रंग निवडत बसली होती. माणूस आपल्याला जे उत्तम येते तेच दुसऱ्याला देऊ जातो, हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

तिने मास्तरांच्या बंद दुकानातून आणून ठेवलेली उरल्यासुरल्या तुकड्यांची पेटी ओढली आणि खाटेवर उपडी केली.

"आता तुम्हीच निवडा."

"मला कुठं दिसतंय?"

"मला तरी कुठं दिसलं, बाबा!"

मास्तर बराच वेळ हात लावीनात. मग त्यांनी एक तुकडा उचलून अंगठा आणि बोटामध्ये चोळला. "कॉर्डरॉय," ते म्हणाले. "त्या वकिलांच्या कोटाचं. पोट मोजताना श्वास रोखून धरायचे." दुसरा उचलला. "हे फ्लॅनेल. चांगलं आहे, हे हनुवटीपाशी घे." आणि मग ते थांबेचनात. जीन्सचे कापड पायाकडे, कारण वजन पायाशी हवे. साटन कडेला नको, पांघरूण घसरते. जाडाशेजारी जाड नको, शिवण उठते. खरबरीत चौकोनानंतर बोटांना जरा विसावा म्हणून पॉपलीन. लेकीने आपले सुंदर चित्र उसवले आणि त्यातले निम्मे चौकोन पुन्हा कामाला लावले. मांडताना तीही डोळे मिटून बसायची, कारण डोळे उघडले की तिचा हात आपोआप रंग जुळवायला जाई.

मांडणी पुरी झाली. मावशी दारातच थबकल्या.

"अगं बाई, हे काय डोळे मिटून केलंस का?"

"हो," लेक म्हणाली.

त्यानंतर चौकोन जोडून, अस्तरासकट तीन थर एकावर एक घालून लेक हाताने धावदोरा घालू लागली. शेजारी बसून मास्तर तिच्या टाक्यांवरून बोट फिरवत होते. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"हे चुकलंय," मास्तर म्हणाले. "सूतभर बाहेर गेलंय. उसव."

लेक कात्रीचे टोक दोऱ्याखाली घालू लागली, पण तिला टाकाच दिसेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. दोन वर्षे ती या शब्दाची वाट बघत होती.

"रडतेस काय? उसवायला सांगितलंय, फाडायला नाही," मास्तर खेकसले. ते खेकसणेही तिला गोड लागले असावे, कारण ती रडता रडता हसली.

पुढे माझे आयुष्य साधेच गेले. मी रोज वापरली गेले, महिन्याला धुतली गेले. मधे एका थंडीत घरात कारखान्यातले हलके ब्लँकेट आले आणि मी माळ्यावर गेले. तिथे घडीवर घडी पडून माझे कॉर्डरॉय दोन ठिकाणी दबले. मास्तरांनी चौथ्या दिवशीच भांडण काढले. त्या ब्लँकेटचे डोके कुठे आणि पाय कुठे हेच कळत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मला खाली आणले, तेव्हा त्यांनी त्या दबलेल्या जागा शोधून सगळ्या घराला बोलून घेतले. लेक मान खाली घालून ऐकत होती आणि तिला फार बरे वाटत होते.

मित्रांनो, मला गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि माळ्यावर टाकू नका. गोधडीला एवढी काळजी पुरते, माणसाला पुरत नाही. तुमच्या घरातले कोणी कशातच खोड काढीनासे झाले असेल, तर ते सुखात आहे असे समजू नका. ज्यात त्याला चूक सापडेल असे काहीतरी त्याच्या हातात द्या. त्याने चूक काढली की मुकाट्याने उसवा. मी सात वेळा उसवली गेले आहे आणि मला काहीही झालेले नाही.