तिसऱ्या ओळीतला नकार

मी एक जुना नकार आहे. मित्रांनो, तुम्ही छत्रीची, घड्याळाची, वडाच्या झाडाची कहाणी वाचली असेल. माझ्याजवळ दांडा नाही, काटे नाहीत, फांद्याही नाहीत. मी संगणकावरच्या एका खेळातली एक ओळ आहे. त्या खेळात एक बाई प्रश्न विचारते. प्रश्नाखाली तीन उत्तरं येतात आणि खेळणाऱ्याने त्यांतलं एक निवडायचं असतं. तिसरं उत्तर म्हणजे मी: 'नको, माझं इथंच बरं आहे.'

मला एवढंच बोलता येतं. माझ्याभोवती निळी चौकट आहे आणि तिच्याबाहेर मला जाता येत नाही.

माझा जन्म २००६ च्या एप्रिलमध्ये बार्शीटाकळीत झाला. तिथे बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत बिल्कीस मॅडमचा संगणकाचा क्लास होता. मॅडम अमरावतीला वसतिगृहात राहून भौतिकशास्त्र शिकल्या होत्या. क्लासमध्ये तीन संगणक होते आणि भारनियमनामुळे ते दिवसाचे चार-पाच तासच चालत. सुट्टीत शिकायला येणाऱ्या मुली टायपिंगला कंटाळत. त्यांच्यासाठी मॅडमनी हा खेळ तयार केला.

खेळातल्या गावाचं नाव काळवाडी. खेळणारा त्या गावातली एक मुलगी होतो. तिने कुंभाराला पाणी आणून द्यायचं, हरवलेला गोऱ्हा शोधायचा, माणसांशी बोलायचं. मग गावात दमणी येते. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. त्या गाडीतून गोदाबाई नावाची वैद्य उतरते. ती गावोगाव फिरून लोकांना औषध देते. जाताना ती मुलीला विचारते, 'माझ्यासोबत येतेस? मला येतं ते सगळं शिकवीन.'

खाली आम्ही तिघं. पहिला म्हणतो, 'हो, येते.' दुसरा विचारतो, 'काय काय शिकवाल?' तिसरा मी.

त्या संगणकावर मराठी अक्षरं नीट उमटत नसत, वेलांट्या भलतीकडे पडत. म्हणून मॅडमनी चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये आमची एकेक ओळ माउसने रेखली. 'बरं'वरचा अनुस्वार जरा उजवीकडे सरकला, तो तसाच राहिला. म्हणजे मी अक्षरं नाही, अक्षरांचं चित्र आहे. माझ्यातला एक शब्दही बदलता येत नाही.

पहिला निवडला की पुढे जंगल होतं, नदी होती, झाडपाल्याची ओळख होती. अर्धा खेळ त्याच्यापलीकडे होता. मला निवडलं की गोदाबाई कासरा ओढते, घुंगरांचा आवाज दूर जातो आणि पडद्यावर 'खेळ संपला' अशी अक्षरं येतात. मी पिवळा होऊन त्या अक्षरांखाली तसाच राहतो.

मॅडमना वाटलं होतं, मला क्वचितच कोणी निवडेल. पहिल्या आठवड्यात बावीस मुली खेळल्या. एकोणीस जणींनी मला निवडलं.

त्यांतली पहिली तुबा. ती शिंप्याची मुलगी, क्लासमधली सगळ्यात बोलकी. घुंगरं दूर गेली तशी ती मागे वळून म्हणाली, "मॅडम, हे बाई तं चाललीच गेली."

"तू नको म्हणालीस ना, बेटा."

"म्हटलं. पण एकदाच तं म्हटलं. तिनं आग्रह कुठी केला?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, पण हसता हसता थांबल्या. मित्रांनो, वऱ्हाडात कुणाकडे गेलात आणि चहा विचारला, तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'आत्ताच झाला' म्हणायचं. तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. पहिल्याच शब्दाला हो म्हणणारा हावरट ठरतो. आणि एकदाच विचारून थांबणाऱ्याला लोक म्हणतात, त्याला द्यायचंच नव्हतं. मॅडमच्या घरीही हेच चालत आलं होतं. पण खेळ लिहायला बसल्यावर त्यांना फक्त होकार आणि नकार दिसला, त्यांच्यामधला आग्रह दिसला नाही.

चूक कळूनही त्यांनी ती सुधारली नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या. घराबाहेर कोणी दोनदा विचारत नसतं, पोरींनो. जे हवं ते पहिल्यांदाच म्हणायला शिका."

मुली शिकल्या. दुसऱ्या खेपेला बहुतेक जणी पहिल्या उत्तराकडे वळल्या. आरती नावाची एक मुलगी मात्र मलाच निवडत राहिली. ती जवळच्या खेड्यातून एसटीने येई. नुकतीच बारावी झाली होती, गणितात वर्गात पहिली आली होती. ती बाण पहिल्या ओळीवर नेई, तिथे थांबवी, मग खाली माझ्यावर आणून दाबी. तिच्या बोटाखाली मी पिवळा होत असे आणि जंगल माझ्या मागेच राहून जाई. मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं, वरच्याला दाब. पण मला येतं ते एकच वाक्य.

जुलै उजाडला. पावसाने दडी मारली होती. खाली दुकानात दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी माणसं उभी असत. नापिकी आणि कर्जामुळे ती दोन वर्षं वऱ्हाडाला फार जड गेली. घरोघरी माणसं कमी बोलू लागली होती आणि मुलं काही मागेनाशी झाली होती.

एके दिवशी आरतीने मॅडमसमोर एक कागद ठेवला. अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. वसतिगृहातही जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं होतं. तो दिवस बुधवार होता.

"मग अजून इथे काय करतेस?" मॅडमनी विचारलं.

"बाबानं इचारलं होतं, जातं का म्हणून. म्या नको म्हटलं. माझं इथंच बरं हाय म्हटलं."

तुम्हाला काय सांगू, मित्रांनो. माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

"आणि ते काय म्हणाले?"

"काहीच नाही. बरं म्हटलं अन् वावरात गेले."

"तुला जायचंय?"

आरतीने मान खाली घातली. "आता कसं सांगू, मॅडम? एकदा नको म्हटलं ना."

मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. पहिल्यांदाच बोला, असं त्यांनी शिकवलं होतं. मुलीने पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं, पण नेमकं नको ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरतीचे वडील खुशालराव बियाणं न्यायला गावात आले आणि मुलीला सोबत घेऊन जावं म्हणून जिना चढून वर आले. एसटीला अर्धा तास होता. पिशवी पायाशी ठेवून ते बाकावर बसले. तुबाला राहवलं नाही.

"काका, खेळून पाहा ना आमचा खेळ."

"मले काय येते त्यातलं?"

"काही यायची गरज नाही. बस याले धरायचं. हा उंदीर चावत नाही."

खुशालरावांनी हात धोतराला पुसून माउस धरला. तो त्यांच्या तळहाताखाली पार दिसेनासा झाला. पण ते मन लावून खेळले. गोऱ्हा हरवल्यावर खरोखर काळजीत पडले. कुंभाराशी बोलताना प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचलं. आरती मागे भिंतीला टेकून उभी होती.

मग दमणी आली. गोदाबाईने विचारलं. आम्ही तिघं खाली उमटलो.

खुशालरावांनी तिन्ही ओळी वाचल्या, थोडं हसले आणि मला दाबलं. घुंगरं दूर गेली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"संपलं, काका," तुबा म्हणाली.

"संपलं कसं? अवं, एकदाच इचारलं अन् हाकलली गाडी? पावण्याले कोणी असं इचारते का? म्या नको म्हटलं तं खरंच नको झालं का?"

"आरतीनंबी तसंच म्हटलं होतं तुमाले."

मॅडमनी तुबाकडे पाहिलं. पण शब्द बाहेर पडून गेला होता. खाली दुकानात वजनकाट्यावर पोतं टाकल्याचा आवाज आला. खुशालराव पडद्याकडे पाहत होते, म्हणजे माझ्याकडेच. मी पिवळा होतो. मला डोळे मिटता येत नाहीत.

मागे न वळता त्यांनी विचारलं, "आरती, जायचं का तुले?"

"नको, बाबा. इथंच बरं हाय."

ती तेच म्हणाली. मला वाटलं, झालं. तिच्याभोवतीही एक निळी चौकट आहे आणि तिच्या तोंडी दुसरी ओळ कुणी लिहिलेलीच नाही. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या.

खुशालराव वळले. "काऊन नको, थे सांग."

मित्रांनो, या 'का'च्या प्रश्नाखाली तीन ओळी येत नाहीत. एकही येत नाही. आरतीचे ओठ हलले, थांबले. एवढ्या वेळात तिने माझ्यावर पाच वेळा बोट दाबलं असतं.

"मायची कंबर धरून राहिली," ती म्हणाली. "मी गेली तं कापसाच्या वेचणीले कोण? तुमी जेवाले बसले की बोलतच नाही आजकाल. मी गेली तं घरात बोलणारंच कोणी नाही राहत. म्हणून नको म्हटलं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण मले जायचं हाय, बाबा. लय जायचं हाय."

खुशालरावांनी पायाशी ठेवलेली पिशवी उगाच उचलून मांडीवर घेतली.

"तू नको म्हटलं तं मले बरं वाटलं होतं," ते म्हणाले. "म्हणूनच परत नाही इचारलं. मले भेव होतं, तू हो म्हणशीन."

त्यांनी पिशवीची गाठ घट्ट केली.

"वेचणी दिवाळीले लागते. आता तं पेरलेलंबी उगवलं नाही." ते उठले. "मॅडम, अमरावतीची पहिली गाडी किती वाजता हाय?"

"सहाला आहे, भाऊ. अकोल्याहून."

"थे पकडतो मंग."

आरती शुक्रवारी हजर झाली. मॅडमना तिचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते क्लासमध्ये वाचून दाखवलं, म्हणून मलाही कळलं.

त्यानंतर मॅडमनी खेळात फक्त एक बदल केला. मला निवडलं की गोदाबाई आता कासरा ओढत नाही. ती विचारते, 'का नको?' आणि खाली एक रिकामी चौकट येते. मॅडमनी आधी तिथे द्यायला कारणं लिहून पाहिली होती. वहीचं पान भरलं, मग त्यांनी ते खोडून टाकलं. मुलींनी त्या जागेत हवं ते लिहायचं. लिहून होईपर्यंत दमणी उभी राहते.

मुली काय काय लिहीत! इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, चुकतमाकत. धाकट्या भावाला कोण सांभाळेल. आजी रडेल. लोक काय म्हणतील. संगणकाला त्यातलं काही समजत नसे, पण मॅडम संध्याकाळी बसून ते सगळं वाचत. लिहून झालं की गोदाबाई पुन्हा विचारी आणि पुष्कळ जणी गाडीत चढत. एकदा तुबाने लिहिलं, 'मला झाडपाला आवडत नाही, मला अब्बांचं दुकान चालवायचं आहे.' गोदाबाईने पुन्हा विचारलं. तुबाने पुन्हा मलाच निवडलं. घुंगरं दूर गेली आणि ती खुशीत उठून घरी गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा झालो होतो.

आता क्लास बंद झाला आहे. संगणकावर जुनी चादर टाकून तो पोटमाळ्यावर ठेवला आहे. नवे खेळ रंगीत असतात, त्यांत माणसं खऱ्यासारखी चालतात, असं ऐकतो. मला इथे पाहणारं कोणी नाही. माझ्या चौकटीत मी तसाच आहे, अनुस्वार उजवीकडे सरकलेला, आणि अजूनही तेवढंच बोलू शकतो.

म्हणून जे मला बोलता येत नाही ते तुम्हाला सांगतो. घरात, वर्गात, शेजारी कुणी मला उच्चारलं, तर ऐकून लगेच उठू नका. एकदा 'का' म्हणून विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर तेवढा वेळ तिथेच थांबा. ऐकलेलं उत्तर तुम्हाला नकोसं असेल, तरी थांबा. आणि सगळं सांगूनही समोरचा नाहीच म्हणाला, तर मात्र त्याला ओढू नका. तेव्हा त्याने मला मनापासून निवडलेलं असतं.