घोड्यावरून कुत्र्यावर

दोघा भावांचं काम एकाच खोलीत चालायचं. थोरला खोगिरं करायचा, धाकटा लगाम. बापाने दोघांना तसंच वाटून शिकवलं होतं. लोक टाकाऊ गोष्टीला खोगीरभरती म्हणतात याचा थोरल्याला राग होता. "एकदा भरून बघा म्हणावं," तो म्हणायचा. "घोड्याची पाठ सोलवटली की कळेल भरती काय चीज असते."

शहराबाहेर घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती. तिच्यावर दोघांचं पोट. मालकाने ती जागा विकली, घोडे कुठे कुठे गेले. दुरुस्तीला आलेली खोगिरं परत न्यायलाही कोणी फिरकलं नाही.

थोरल्याची बायको रोज जनावरांच्या दवाखान्यावरून जायची. बाहेर कुत्री घेऊन बसलेली माणसं तिला दिसायची. एकदा ती सरळ आत गेली आणि डॉक्टरबाईंकडून कुत्र्यांच्या पट्ट्यांचं काम घेऊन आली.

"कुत्र्यांचे पट्टे?" थोरल्याने विचारलं.

"कुत्र्यांनाही गळा असतो."

"घोड्यावरून कुत्र्यावर. आता मांजर तेवढं राहिलं."

"मांजराचं कोणी विचारलं तर तेही घेईन," ती म्हणाली.

धाकट्याने हसू दाबलं. त्याला अडचण नव्हती. कुत्र्याचा पट्टा म्हणजे लगामाचाच आखूड भाऊ. थोरल्याचा हात मात्र कातडं भिजवून, ताणून, आतली गादी हळूहळू भरण्यात मुरलेला. सरळ पट्टीला टाके घालणं त्याला काम वाटेना. काही दिवस त्याने मान खाली घालून पट्टे शिवले. मग एका सकाळी आंघोळ करून तो बाहेर पडला आणि संध्याकाळी बँकेच्या रखवालदाराचा गणवेश काखेत घेऊन परतला. भांडला नाही, काही नाही.

धाकट्याला वाटलं, रुसवा आहे, निवळेल. तोवर पट्ट्यांचं काम वाढलं होतं. वहिनी दोऱ्याला मेण लावता लावता शिवायलाही शिकली.

मग डॉक्टरबाईंनी एक म्हातारा कुत्रा पाठवला. त्याचे मागचे पाय गेले होते. कंबर वरून उचलून धरता येईल असा पट्टा त्याच्या मालकिणीला हवा होता. धाकट्याने करून पाहिला. तो पोटात रुतायचा आणि कुत्रा विव्हळायचा. शेवटी त्याने भावाला गळ घातली.

थोरला सुट्टीच्या दिवशी आला. जमिनीवर बसून त्याने कुत्र्याच्या बरगड्या, पोट, मांड्या चाचपल्या. मग लोकर मागितली आणि खोगिराला भरतात तशी रुंद पट्ट्याच्या आत भरली. मालकिणीने वरची मूठ धरली, कुत्रा पुढच्या पायांवर दारापर्यंत चालत गेला आणि उंबऱ्यावर मुतला.

"पसंत पडलं म्हणायचं," वहिनी म्हणाली.

मालकीण गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, मग उद्यापासून येतोस ना?"

"उद्या ड्यूटी आहे."

"अजून राग आहे?"

"राग कसला? तिथे खुर्ची आहे. पाठ दुखत नाही. आयुष्यभर वाकून बसलो. पाठ न दुखता दिवस जातो, हे मला ठाऊकच नव्हतं."

धाकट्याने भावाचा राग काढायची तयारी केली होती. उलट त्यालाच लागलं. एवढी वर्षं शेजारी बसून त्याने भावाला पाठीचं कधी विचारलं नव्हतं.

"भावजी, नका गळ घालू," वहिनी म्हणाली. "तिथे त्यांना झोपही छान लागते."

"हे बँकेत बोलू नकोस," थोरला म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने भावाची खिडकीजवळची जागा झाडून वहिनीला दिली. तिथे उजेड चांगला. कंबर उचलायच्या पट्ट्याची मागणी अधूनमधून येते, तेव्हा थोरला सुट्टीच्या दिवशी येतो आणि दाराशी बसून लोकर भरतो. पाठ भरून आली की उठतो, राहिलेले टाके वहिनी घालते.