निदर्शनास आले नाही

द्वारका शितोळे यांनी तेवीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे घालवली होती: वाक्य खरं ठेवून माणूस खोटं कसा बोलतो? त्यांच्या कॉलेजात ज्ञान आणि भाषेचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या त्या एकट्याच. सोमवारी त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि ती घेणार होते विभागप्रमुख रामदास सर.

त्याच सरांनी आज तिघांच्या चौकशी समितीचा अहवाल, सभासद म्हणून सही करायला, त्यांच्यापुढे सरकवला. विभागातल्या ऋतुजानं शिष्यवृत्ती थांबल्यावर पीएचडीचं संशोधन सोडून हिंजवडीत आयटीतली नोकरी धरली होती. तिचं अप्रकाशित प्रकरण सार्थकनं आपल्या प्रबंधात घातलं, अशी तक्रार होती. सार्थक संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. अहवालात एकच ओळ होती: ‘उभय लेखनांत साम्य समितीच्या निदर्शनास आले नाही.’

“सर, समितीनं प्रती उघडल्यासुद्धा नाहीत.”

“मग वाक्य खरंच झालं की! न उघडता निदर्शनास येईल कसं?” सर हसले. “तुमच्याच पेपरातून शिकलो हो, मॅडम. तळटीप देऊ?”

द्वारकाबाईंनी पिशवीतून दोन्ही प्रती काढून टेबलावर उघडल्या.

“ऋतुजानं ‘अनुमान’ तीनदा ‘अनूमान’ लिहिलंय. सार्थकनंही, त्याच तीन वाक्यांत. विचार राहू द्या, या मुलाला चूकसुद्धा स्वतःची करता आली नाही.”

समितीचे तिसरे सभासद पोपटराव घाईघाईनं मोबाइलमध्ये शिरले. “मला जरा मेसेज आला होता. ऐकू नाही आलं.”

“मीही खिडकीबाहेर बघत होतो,” सर म्हणाले. त्यांनी पेन उघडलं आणि ओळीत एक शब्द घुसवला. आता साम्य ‘बहुमताने’ निदर्शनास आलं नव्हतं.

“झालं समाधान? अहो, ती पोरगी तिकडे एसीत बसलीय. तिला कशाला हवीय पीएचडी? तुम्ही सोमवारचं बघा.”

त्या गुळगुळीत आवाजाची द्वारकाबाईंना शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण क्षणभर त्यांनी सोमवारचा विचार केला होता. त्यांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं: ‘मी दोन्ही प्रती वाचल्या. प्रकरण चोरलेले आहे.’ सही केली, तारीख घातली, पानाचा फोटो काढून तिथेच ऋतुजाला पाठवला.

सरांचं हसू मावळलं.

“सोमवारी येऊ नका.”

इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं.