इंजिनात ठोठावणारा आत्मा

सायलेन्सरबाबाचं बिंग एकोणीसशे नव्याण्णवच्या मार्चात, भर दुपारी, सगळ्या गर्दीसमोर फुटलं. असं काही झालंच नाही, हे धरून पुढे वाचावं. पाथर्डी फाट्यावर सगळे तसंच धरून चालतात.

तर, बाबाच्या पत्र्याच्या शेडसमोर रांग होती. रिक्षा, जीपा, एक टेम्पो आणि आमच्या यादवमामाची मारुती व्हॅन. बाबा बॉनेटला कान लावायचा आणि आत कोण अडकलंय ते सांगायचा. आमच्या पुढच्या रिक्षात कुणाची तरी चुलती निघाली.

मामानं ओझरच्या विमान कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मिळालं ते सगळं या व्हॅनमध्ये घातलं होतं. नाशिकरोड स्टेशनवरून भाविक घ्यायचे, त्र्यंबकला सोडायचे, त्यावर घर. हल्ली अंजनेरीचा चढ आला की इंजिनातून टकटक यायची. गॅरेजवाला म्हणाला, "यादवशेठ, गाडी नॉक करतेय." मामानं घरी येऊन मामीला त्याचं मराठी करून सांगितलं, "आतून कुणीतरी ठोठावतंय."

मामी म्हणाली, "मग उघडा की."

म्हणून आम्ही इथं. मी धक्का मारायला.

बाबानं कान लावला. "आत्मा हाय. सपाटीला झोपतो. चढ आला का घुसमटतो, मंग दार वाजवतो."

"कुणाचा, बाबा?"

"आधीच्या मालकाचा."

"पण गाडी नवी घेतलीय."

"मंग पुढच्या मालकाचा," बाबा म्हणाला.

बाबाचा चेला किशोर यानं टाकीतलं 'बाधित' पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं. बाबानं तांब्याच्या कलशातून तीर्थ ओतलं. मामा चढावर चक्कर मारून आला. गाडी चिडीचूप. लोकांनी जयजयकार केला, मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

व्हॅनच्या मागच्या सीटवरून वत्सलाबाई उतरल्या, त्र्यंबकला जायला बसलेल्या. शाळेत मामाला विज्ञान शिकवायच्या. तो नापास झाल्याचं वाईट त्यांना अजून वाटायचं.

"यादव, पेट्रोल कुठून घेतोस रे?"

"या किशोरकडूनच, बाई. कॅननं. स्वस्त पडतं."

बाईंनी पर्समधून कोरा कागद काढला. कलशातला एक थेंब टाकला. उडून गेला, खूण नाही. किशोरच्या कॅनमधला टाकला. तेलकट डाग राहिला. त्याला रॉकेलचा वास होता.

"पिस्टन पेट्रोल आणि हवा दाबतो, मग ठिणगी पडते आणि ज्योत शिस्तीत पसरते," बाई म्हणाल्या. "दाब सोसून आपली पाळी येईपर्यंत थांबायची पेट्रोलची जी सहनशक्ती, तिला ऑक्टेन म्हणतात. रॉकेल मिसळलं की ती घटते. चढावर जोर पडला की ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. तो दणका म्हणजे तुझी टकटक. कलशात पंपावरचं साधं पेट्रोल आहे. आणि हा कॅन किशोर उद्या दुसऱ्याला विकेल."

"म्हणजे आत्मा एकच आहे," मी म्हणालो. "टाक्या बदलत फिरतोय."

कुणी हसलं नाही. किशोर कॅन शेडमागं सरकवायला लागला. मला वाटलं, बाबाचं संपलं.

तेवढ्यात रांगेतल्या चिमणाबाईनं तो कागद उचलून तिरका धरला. "ह्यो डाग बघा. ही दाढी. बाबाच उमटलेत."

"अहो, ते रॉकेल आहे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"बाबा कशात बी उमटत्यात, बाई." चिमणाबाईनं त्यांची समजूत घातली.

कागद प्लॅस्टिकमध्ये घालून शेडला टांगला गेला. बाबानं वत्सलाबाईंना हात जोडले. "लय उपकार झाले. त्या आत्म्याचं नावच घावत नव्हतं. ऑक्टेन." दुसऱ्या दिवसापासून तिथं ऑक्टेनशांती सुरू झाली.

मी मामाला विनवलं. म्हटलं, अशी टकटक चालू राहिली तर पिस्टन तापून जाईल, गाडी हातची जाईल.

"बाईंचं बरोबरच असणार," मामा म्हणाला. "पण पंपाचं परवडत नाही रे. आणि अधूनमधून तीर्थ घालतोच की."

वैशाखात, भाविक भरलेले असताना, अंजनेरीच्या चढावर व्हॅन बंद पडली. इंजिन उघडलं तर पिस्टनला आरपार भोक. मामा तो पिस्टन फडक्यात गुंडाळून बाबाकडे घेऊन गेला. बाबानं भोकातून आकाश पाहिलं आणि म्हणाला, "सुटला. वाट करून गेला."

मामानं पेढे वाटले. आता तो दुसऱ्याची रिक्षा चालवतो. तीही चढाला टकटकते. कॅन किशोरचाच.

लोकहो, टाकीत काय पडतंय ते हुंगून बघा, कागदावर थेंब टाकून बघा, डाग दिसला तर त्याला डागच म्हणा. इंजिनाला भक्ती कळत नाही. लोक ऐकतील असं वाटत नाही, म्हणून दुसरीकडे अर्ज करतो.

सबब, पेट्रोल या पदार्थास कळविण्यात येते की, त्याने यापुढे पेटण्यापूर्वी वाहनचालकाची श्रद्धा विचारात घ्यावी, भेसळ असल्यासही ठिणगी पडेपर्यंत कळ काढावी, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल यादवमामाच्या पत्त्यावर पाठवावा, ही नम्र विनंती.